धवलारणीचा डूख

आत्या कुणाचंही काही विसरली नाही. चांगलं थोडंफार विसरायची, वाईट कधीच नाही. एका हळदीत घरच्या बाईने तिच्या ताटात नुसता रस्सा वाढला, मटणाचा तुकडा काही पडला नाही. आत्या हसत जेवली, हात धुतले, घरी आली. पुढे कित्येक वर्षांनी त्याच बाईच्या लेकीची हळद होती. आत्या अशी गायली की बायकांचे पदर ओले झाले. आणि उठता उठता भर मांडवात शेजारणीचा हात धरून म्हणाली, "रस्सा खावा त हिच्या हातचा. बाकीच्यांनी पानी गरम करावा." त्या बाईचं तोंड मी पाहिलंय. कुणीतरी समजूत घालायला गेलं, "जाऊ दे आत्या, माफ कर." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "माफ कराचा काम देवाचा. तो मोठा हाय. मी बारकी."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची चुलत बहीण, टेमघरची धवलारीण. आमच्या लोकांत लग्नाला भटजी नंतर, आधी धवलारीण. ती मांडवात बसते आणि धवला गाते. गाण्यातून सगळ्या देवांना लग्नाचं आवतण देते, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. आजा, पणजी, लहानपणी गेलेलं एखादं पोर, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं. एक नाव राहिलं तर घरातल्या म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. आणि आवतण एकदा सुरू केलं की अर्धवट सोडायचं नाही. बोलावलेले दारात ताटकळतात म्हणे. मांडवातली ती जागा हाच आत्याचा संसार होता. नवरा लवकर गेला, मूल नाही, राहायची आमच्याकडेच, पण हळदीच्या दिवशी तिला विचारल्याशिवाय नवरीसुद्धा पाटावरून उठत नसे.

बाबांनी दापोड्याची जमीन गोदामाला दिली, त्या वर्षी घरात फ्रीज आला आणि माझा कॉम्प्युटर आला. मी कॉलेजात होते आणि हळदीच्या गाण्यांचं म्युझिक घरी बसून बनवायचं वेड डोक्यात शिरलं होतं. म्हटलं, आत्याचा धवला यात भरून ठेवू. एकेक ओळ, एकेक देव, एकेक नाव सुटं रेकॉर्ड करायचं. त्याला सॅम्पल म्हणतात. मग ते तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे, पट्टी दाबली की आत्या गाणार. मी हे मोठ्या उत्साहाने समजावलं. आत्याने पान चघळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मना कापून बोटी बोटी करून ठेवतंस तं!" पण डोळे चमकले होते. म्हातारीला मिरवायची हौस कमी नव्हती.

खरी अडचण निराळीच होती. आमच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. दिवसरात्र खटाक खटाक. शुक्रवारी लूम बंद, तर गल्लीभर पोरांचं क्रिकेट. शांतता व्हायची ती फक्त लाइट गेल्यावर, लोडशेडिंगला. पण लाइट गेली की कॉम्प्युटरही जायचा! शेवटी मी बाबांच्या मागे लागून यूपीएस आणला. मग आमचं चमत्कारिक वेळापत्रक सुरू झालं. अख्खं टेमघर वीजवाल्यांना शिव्या घालायचं आणि आत्या दुपारपासून माइकसमोर मांडी घालून लाइट जायची वाट बघायची. लाइट गेली, लूम थांबले, की ओरडायची, "गेली गो बाय, लाव लवकर!" त्यात तो यूपीएस बॅटरीवर आला की थोड्या थोड्या वेळाने टीं करून ओरडणार. आत्याने त्याच्याशीही वैर धरलं. दोन टींच्या मधे बरोबर एक ओळ बसवायची आणि त्याच्याकडे बघून म्हणायची, "बोंबल आता." त्या घामात, पंखा बंद, आम्ही दोघींनी सगळा धवला भरला. आमच्या लोकांची जुनी, नेहमीची नावंही भरली.

मग आमच्या घरात दिन्या साउंडवाला शिरला. नारपोलीचा, लग्नात डीजे लावणारा. माझं साउंड कार्ड बिघडलं म्हणून त्याला बोलावलं होतं. आला, आत्याच्या पाया पडला, चहा प्यायला, कार्ड बसवलं आणि मी चहाची कपबशी आत ठेवायला गेले तेवढ्यात सगळी सॅम्पल्स पेनड्राइव्हमध्ये घालून घेऊन गेला. आम्हाला पत्ता नाही.

पत्ता लागला दापोड्याच्या एका हळदीत. आत्याला बोलावलं होतं, पण पाहुणी म्हणून. आम्हाला वाटलं, दुसरी धवलारीण सांगितली असेल. आणि माणूसभर उंचीच्या बॉक्समधून आत्याचाच आवाज आला. दिन्या कीबोर्डच्या पट्ट्या दाबत होता आणि आत्या देवांना बोलावत होती. मधेच यूपीएसची टीं! चोराला ती कापायचीही अक्कल नव्हती. बायका आत्याकडे वळून वळून बघत होत्या. माझ्या अंगाची आग झाली. वाटलं, पाण्याचं पिंप उचलून त्या बॉक्सात ओतावं. आत्या मात्र ताट मांडीवर घेऊन बसली होती. तिने आणखी भात मागून घेतला. म्हणाली, "जेव पोरी. उपाशी पोटी डूख धरता येत न्हाय."

त्यानंतर तिला बोलावणी येईनाशी झाली. दिन्या डीजेबरोबर धवला देतोय म्हटल्यावर म्हातारीला कशाला सांगा? लग्नाचा मोसम लागला की आत्या अंगणात तयार होऊन बसायची आणि दिवेलागणीला उठून आत जायची. ते बघून मला दिन्याचा जीव घ्यावासा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

आणि एक दिवस दिन्या स्वतःच दारात उभा. बरोबर त्याची आई, हातात साडी-नारळ. त्याचं लग्न ठरलं होतं. त्याच्या मेलेल्या बापाचं नाव हेंदर. हे विरळा नाव आम्ही भरलंच नव्हतं. आई हटून बसली होती, बापाला आवतण गेल्याशिवाय हळद लागणार नाही. दिन्या गोड आवाजात म्हणाला, "आत्या, एकच नाव बोला माइकमध्ये. बाकी सगळं आहे माझ्याकडे." बघा निर्लज्जपणा! आत्याने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "सुटा नाव मी देत न्हाय. आख्खी धवलारीण न्यावी लागंल. आनी तुजे खोके बंद."

हळदीच्या दिवशी आत्या मांडवात बसली. सगळे देव बोलावले, दिन्याची आजी-पणजी बोलावली. बापाची पाळी आली आणि आत्या थांबली. दिन्याची आई कावरीबावरी झाली. आत्याने माइक पाटावर बसलेल्या दिन्यापुढे धरला.

"आदी सांग, तुज्या खोक्यात बाई गाते ती कोन?"

"आत्या, आता हे कशाला..."

"दारात देव उबे हायेत. नाव बोल तिचा."

दिन्याला नावच माहीत नव्हतं! धवलारीण, आत्या, यापलीकडे कधी विचारलंच नव्हतं. हळदीचा वाडगा हातात घेऊन बायका खोळंबल्या. शेवटी आई दात-ओठ खात पुटपुटली, "चांगुणा." मग तो नवरदेव, डोक्यावर बाशिंग बांधायला निघालेला, अख्ख्या गोताच्या देखत माइकवर म्हणाला, "आवाज चांगुणाबाईंचा आहे. मी त्यांच्या घरातून न विचारता नेला." मी मागे उभी राहून ऐकत होते. इतकं गोड गाणं मी आजवर बनवलेलं नाही.

त्यावर आत्याने त्याच्या बापाला असं मायेने बोलावलं की दिन्याची आई हुंदके देऊन रडली. बापाशी आत्याचं भांडण नव्हतं. मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नारपोलीला जाऊन दिन्याच्या कॉम्प्युटरमधली एकेक फाइल माझ्या हाताने उडवली. त्याने दिलेली साडी आत्याने नेसली नाही. ती फाडून माझ्या कॉम्प्युटरवर झाकण घातलं, धूळ बसते म्हणून.

बोलावणी पुन्हा सुरू झाली, पण आत्या फार दिवस राहिली नाही. एका पहाटे छातीत कळ आली आणि गेली. पुढल्याच मोसमात माझ्या भावाचं लग्न निघालं. आसपास गाणारी दुसरी धवलारीण आता उरली नव्हती. आत्याचाच आवाज लावायचा ठरलं, आणि तो लावायचा हक्क आमचाच होता. देव आले, आजा-आजी आले. आणि मग ध्यानात आलं, आता गेलेल्यांत आत्याही आहे आणि तिला बोलवायला तिच्या आवाजात तिचं नाव नाही. जित्या माणसाने स्वतःला आवतण कशाला द्यावं?

मांडव खोळंबला. पाहुण्यांत दिन्या होता, गोतातलाच, टाळता येत नाही. तो उठून पुढे आला. म्हणाला, "ताई, मी म्हणतो. सगळ्यांसमोर एकदा मीच म्हटलं होतं." डोळ्यात पाणी होतं त्याच्या, खरं असावं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दे त्याला, असं.

"तू बस खाली," मी म्हटलं.

माइक घेतला. मला गाता येत नाही, मी पट्ट्या दाबणारी बाई. गळा फाटला, सूर कुठल्या कुठे गेला, बायका माना खाली घालून राहिल्या. तरी मीच हाक मारली, चांगुणा आत्या, लग्नाला ये.