मोरचुदाचा घोट

आमचा फवारणीचा पंपवाला पिंपळवंडीत बोलायला लागला, की आळेफाट्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचं सोडून देतात. पंपाचा चोंदलेला पाइप तो तोंडाने ओढायचा. "मशीन कशाला? छाती काय भाड्यानं आणलीय व्हय?"

एकदा माझ्याच द्राक्षबागेत, माझ्याच घाईपायी त्याने पाइप ओढला आणि मोरचुदाचं विषारी निळं पाणी घोटभर पोटात गेलं. ओकारी मोराच्या पिसाऱ्यासारखी निघाली. तशातही माझ्या गाडीवर बसताना पठ्ठ्याने मोरचुदाची रिकामी पिशवी खिशात कोंबली. "डॉक्टरला कळू तर द्या राव, कुणी मारलंय ते."

पिशवी पाहून डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले, तरी दोन्ही किडन्या बंद पडल्या. दिवसाआड डायलिसिस आणि लघवीचा थेंब नाही. "किडन्या परत सुरू होऊ शकतात, पण खात्री नाही," डॉक्टर म्हणाले. एवढ्या आवाजाचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बायको माझ्याकडे बघेना.

बाराव्या दिवशी मी वॉर्डाच्या दारात पोचलो, तोच आरोळी आली. "या पावणं, बगा!" त्याच्या हातातल्या बाटलीत चार बोटं लघवी होती. शेजारचे पेशंट सलाइनसकट बघायला उठलेले. नर्स बाटली मागत होती, हा देईना. "थांबा सिस्टर, आमच्या मंडळींनी अजून बगितली न्हाई."

मंडळी डबा घेऊन आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरून नीट पाहिली, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, जेवलात का तुमी?"