टोंगळ्यावरची कलमं

माझी आत्या पोलिसात होती. हवालदार म्हणून रिटायर झाली, वर्दी ट्रंकेत गेली, पण सवय काही गेली नाही. भाजीवालीलासुद्धा ती 'वांगे कुठून आले, कोणत्या गाडीनं आले' असं विचारते, आणि ती बिचारी खरं सांगून टाकते. मी सौंसरला शाळेत शिकवते आणि माझ्याकडे स्कूटी आहे. त्यामुळे आत्याच्या प्रत्येक तपासात मी आपोआप ड्रायव्हर. आमच्या गावाचं नाव मात्र सांगणार नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या आसपासचं कोणतंही समजा. नाव लिहिलं तर उद्या सकाळी नगरपालिकेची माणसं दारात येतील, आणि चहा मलाच करावा लागेल.

गेल्या हिवाळ्यात त्या नगरपालिकेचं कार्ड आलं. गावाबाहेर जिथं पूर्वी पन्हेरी होती, म्हणजे संत्र्याची कलमं तयार करायची जागा, तिथं आता बगीचा होणार होता. त्याला नाव जुन्या अध्यक्षांचं. 'ज्यांनी गावाला संत्रा दिला' असं कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलेलं. आताचे अध्यक्ष त्यांचेच चिरंजीव. मी मूर्खासारखं ते कार्ड आबाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं.

आबाजी माझे आजोबा, आत्याचे वडील. नव्वदीला टेकलेत. त्या पन्हेरीत नगरपालिकेचे माळी होते. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, तीत संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा, वरून पट्टी बांधायची, हे एकट्या त्यांचं काम. चाळीसेक वर्षांपूर्वी नगरपालिकेनं शेतकऱ्यांना कलमं वाटली. दुसऱ्या वर्षी लोकांच्या वावरात नुसती काटेरी जंबेरी उभी. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माळ्यानं डोळे नीट भरले नाही, दारू पिऊन काम करत होता." आबाजींनी जन्मात दारू घेतली नव्हती. पण नोकरी गेली, आणि गावानं 'जंबेरी' हे नाव ठेवलं ते आमच्या घराला कायमचं चिकटलं. तेव्हापासून आबाजींनी संत्र्याची एक फोड तोंडात घातलेली नाही. संत्र्याच्या मुलखात राहून! सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

कार्ड ऐकून ते आत्याला म्हणाले, "अध्यक्षाचं जाऊ दे. त्याच्या नावाचा बगीचा करा नाहीतर तलाव करा. तू पल्याडवाल्याले इचारून पाह्य. मी मरायच्या आंधी त्यानं एकदा म्हनावं, का हे मी नाही केलं. बस. बाकी मले काही नाही पाह्यजे."

पल्याडवाला म्हणजे त्यांचा जुना दोस्त. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. इकडचे तिकडच्यांना गोटे मारतात आणि तिकडचे इकडच्यांना. जवानीत आबाजी पांढुर्ण्याच्या काठावर होते, तो सावरगावच्या काठावर. त्याचा एक गोटा आबाजींच्या टोंगळ्यावर, गुडघ्यावर, असा बसला की वाटीचा पार चुराडा. खेळ थांबल्यावर तोच नदी ओलांडून आला आणि आबाजींना पाठीवर घेऊन डॉक्टरकडे गेला. पाय कायमचा ताठ राहिला, पण दोस्ती जमली ती जमलीच. पुढं सासऱ्याची शेती मिळाली म्हणून तोही आमच्याच गावी आला. आबाजींच्या शब्दावर त्यानं कपाशी मोडून सगळ्या वावरात पन्हेरीची कलमं लावली. जंबेरी निघाली तेव्हा एकेक उपटून जाळली, आबाजींना धुऱ्यावर, शेताच्या बांधावरसुद्धा पाय ठेवू दिला नाही, आणि बोलणं बंद केलं. ते अजून बंद होतं.

रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. म्हातारा ओसरीत बसून कापूस निवडत होता. आत्याला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"काकाजी, मी भांडाले नाही आली," आत्या खाली बसत म्हणाली. "दोन गोष्टी इचारते आन् जाते."

"इचारून काय करतं आता? जे झालं ते झालं."

"कलमं आले तवा डोळा फुटून होता का?"

"नाही. पट्टी बांधून होती. म्हने, महिन्याभरानं सोडा, मंग डोळा फुटते. अध्यक्षाच्या मानसानंच गाडीवरून उतरवून देल्ले."

"मंग सोडली कोनं? गड्यानं?"

"गडी कायले? मीच सोडली एक-एक. कंबर धरून गेली होती."

"उभ्यानं सोडली का बसून?"

म्हातारा वैतागला. "उभ्यानं कशी सोडन व? पट्टी वितीएवढ्यावर. उकिडवा बसून सरकत-सरकत सोडली. तुले काय करा लागते त्याच्याशी?"

आत्या थोडी पुढं सरकून बसली. पोलिसात असताना शेवटच्या प्रश्नाआधी ती अशीच सरकायची म्हणतात. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकाजी, माह्या बापाले उकिडवं बसता येते का?"

म्हाताऱ्याचा हात कापसातच राहिला. मला समजायला एक क्षण लागला, पण आत्याला घरून निघतानाच ठाऊक असणार. ताठ पायाचा माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा बांधणार कसा? आबाजी स्टुलावर बसून, पाय समोर लांब करून काम करायचे, आणि त्यांचा डोळा नेहमी टोंगळ्याएवढ्या उंचीवर असायचा. पन्हेरीत पाणी देणारे गडी त्यावरून त्यांना चिडवायचे. म्हणजे काकाजींनी ज्या पट्ट्या सोडल्या त्या आबाजींनी बांधलेल्याच नव्हत्या. आत डोळाही नव्हता. साध्या जंबेरीला चिंधी गुंडाळलेली होती.

"जा तुमी आता," काकाजी म्हणाले. आम्ही उठलो.

बाहेर आल्यावर मी आत्याला म्हटलं, "झालं की! सुटला गुन्हा." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी आरोपीच. "मुद्देमाल कुठी हाये?" म्हणाली. "आबाजीनं बांधलेले कलमं गेले कुठी? हवेत उडाले का?"

त्याचं उत्तर शनिवारी मिळालं. जामसांवलीच्या हनुमानाला जायचं म्हणून निघालो, दर्शन घेतलं, आणि येताना आत्यानं स्कूटी अध्यक्षांच्या वाडीकडे वळवायला लावली. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी चालू होती. रखवालदाराला तिनं सांगितलं, घरी खायला थोडा संत्रा पाहिजे. तो म्हणाला, या, पाहून घ्या. सगळी बाग नवी होती. फक्त विहिरीजवळ जुन्या झाडांची एक ओळ उरलेली, अर्ध्या फांद्या वाळलेल्या. "हे मोठ्या मालकाच्या हातचे हायेत, शुभ मानते मालक, म्हनून तोडत नाही," रखवालदार कौतुकानं सांगत होता.

संत्र्याच्या खोडावर कलमाचा सांधा शेवटपर्यंत दिसतो. झाड वर कितीही वाढो, सांधा जिथं आहे तिथंच राहतो. नव्या झाडांचे सांधे खाली होते. या ओळीतल्या प्रत्येक झाडाचा सांधा आत्याच्या बरोबर टोंगळ्याला लागत होता. ती एका झाडाजवळून दुसऱ्याजवळ जाऊन उभी राहत होती आणि मी मोबाइलवर फोटो काढत होते. गावाला चिंध्या बांधलेली जंबेरी, आणि माझ्या आजोबांच्या हातची कलमं यांच्या वाडीत! वर पुन्हा शुभ!

आत्या ते फोटो घेऊन आताच्या अध्यक्षांकडे गेली. मी बाहेर थांबले होते. ती पाच मिनिटांत परत आली. "म्हने, जुन्या गोष्टी कायले उकरता बाई? आबाजीले स्टेजवर बोलावतो, शाल देतो, श्रीफळ देतो." तिनं चप्पल जोरात पायात सरकवली. "म्हटलं, ते शाल तुमच्या बापाच्या फोटोले पांघरा, थंडी लय हाये." काकाजींच्या घरी जाऊन तिनं वाडीतल्या त्या ओळीचं सांगितलं, आणि एवढंच म्हणाली, "मी सांगून काय उपयोग? स्वतः पाहून घ्या."

बगीच्याचं उद्घाटन व्हायचं होतं ते झालंच. त्या दिवशी सकाळपासून लाउडस्पीकरवर भाषणं. आवाज थेट आमच्या अंगणात येत होता, आणि आबाजी उन्हात खाटेवर, ताठ पाय पुढं करून, डोळे मिटून बसले होते. गावातले सगळ्यांत जुने शेतकरी म्हणून काकाजींचा तिथं सत्कार होता. त्यांचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग भाषण पुढं गेलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकाजी आत आले. हातात पिशवी, धोतराला वाडीतली माती. ते खाटेसमोर येऊन उभे राहिले. आबाजींनी डोळे उघडले. आत्या दारात, मी तिच्या मागं.

"पाहून आलो," काकाजी म्हणाले. "विहिरीपासची वळ. टोंगळ्यावर हायेत सगळे."

आबाजींनी ताठ पायावर हात ठेवला.

"माह्याच गोट्यानं तुह्या पायाचा सत्यानाश झाला. मीच तुले पाठीवर नेलं. दुनियेत कोनाले नसन ठाऊक, पन मले त ठाऊक पाह्यजे होतं ना, का हा मानूस खाली बसूच शकत नाही." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "तू नाही केलं रे. तू नाही केलं."

आत्या एकदम आत निघून गेली. इतकी वर्षं चोर-दरोडेखोरांना दम देणारी बाई स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडत होती, आणि मीही रडत होते, काय लपवायचं?

"लय टाइम लावला तुनं," आबाजी म्हणाले. मग पिशवीकडे पाहिलं. "तिथलेच का?"

"तिथलेच. रखवालदारानं देल्ले."

"सोल मंग."

काकाजी खाटेपाशी जमिनीवर उकिडवे बसले आणि संत्रा सोलायला लागले. पांढऱ्या शिरा काढून त्यांनी एक फोड वर केली. आबाजींनी ती तोंडात घातली, खूप वेळ चघळली, बिया हातावर काढून पाहिल्या. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. अख्खा संत्रा संपला. लाउडस्पीकरवर टाळ्या चालू होत्या.

आबाजींनी पुन्हा हात पुढं केला. "आनखी एक सोल," म्हणाले.