चार दिवसांनी हुकलेला गोलंदाज

आमच्या नळदुर्गात महारुद्रसारखा गोलंदाज पुन्हा झाला नाही, आणि तो नळदुर्गातच राहिला याला मी जबाबदार आहे. लोक त्याच्या नशिबाला बोल लावतात. नशिबाला उगाच बदनाम करू नये.

तो शेतकऱ्याचा पोर, मी शाळेतला मास्तर आणि आमच्या संघाचा यष्टिरक्षक. त्याची धाव लांब नव्हती, वेगही डोळे पांढरे करणारा नव्हता. पण टप्पा पडल्यावर चेंडू असा आत घुसायचा की फलंदाज आधी उडालेल्या यष्टीकडं बघायचा आणि मग माझ्याकडं, जणू मीच काही लबाडी केली. माझी करंगळी वाकडी आहे, ती त्याचीच कृपा.

छप्पन्न साली सोलापूरच्या एका सामन्यात त्यानं सात गडी काढले. ते पाहिलेल्या हैदराबादच्या एका गृहस्थांचं पत्र आलं: तीस ऑक्टोबरला चाचणीला या, एकतीसला हैदराबादच्या संघाची यादी ठरेल. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा संघ देशात आला होता. रेडिओवर त्यांच्या मध्यमगती गोलंदाजाचं कौतुक ऐकून महारुद्र म्हणायचा, "एकदा ह्यांच्याफुडं टाकायचंय, मास्तर." आम्ही हसायचो, पण मला ते मनातून पटायचं.

एक नोव्हेंबरला आमचा जिल्हा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात जाणार होता. मराठी मुलूख एकत्र येणार म्हणून गावात उधाण आलं होतं. एक तारखेच्या मिरवणुकीचा पुढारी मी, आणि लेझमीचा म्होरक्या महारुद्र; तालमी आठवडाभर रोज चालल्या होत्या. तो नसता तर फड विस्कटला असता. मी म्हणालो, "चाचणी काय पळून जाते का? चार दिवसांनी जा. राज्य रोज रोज मिळत नाही."

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "बरं. तुमी म्हनताव तर ऱ्हातो."

लेझीम फक्कड झाली. तीन तारखेला तो हैदराबादला पोचला. गृहस्थ भले होते, चहा पाजला आणि म्हणाले, "मियाँ, फेहरिस्त तो बन गई. और तुमारा जिला अब बंबई में चला गया ना."

मग मी त्याला नव्या राज्यात, पुण्याला चाचणीसाठी धाडलं. तिथं दोन दिवस तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. कुणी चेंडू हातात दिला नाही. परत आला आणि औताला जुंपून घेतलं. पुढची काही वर्षं आसपासच्या गावांच्या सामन्यांत खेळला, मग खांदा गेला.

चौसष्टला ऑस्ट्रेलियावाले पुन्हा आले. मी त्याच्या मळ्यात गेलो. तो भुईमुगाच्या शेंगा तोडत बसला होता. आठ वर्षं न बोललेलं शेवटी बोललो, "महारुद्र, तुला मीच अडवलं रे. चुकलो मी."

"तुमी एकल्यानं न्हाय. त्या दिशी मलाबी लई हौस हुती." त्यानं मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या. "पन मास्तर, म्या लेझीम खेळलो नसतो, तरी राज्य आलंच असतं की."