खाली राहिलेला पट्टा

माझ्या सासूबाईंना, ईट गावच्या हरणाबाईंना, कुठलीच वस्तू वाया गेलेली खपत नाही. भंगारात त्यांना पवनचक्कीवर चढणाऱ्या माणसाने पडू नये म्हणून बांधायचे नायलॉनचे पट्टे दिसले, आणि शेरडांच्या गळ्याला होतील म्हणून त्यांनी ते उचलून आणले. पिवळ्या भडक रंगाला शेरडं बुजतील, म्हणून पातेल्यात काळा रंग आणि व्हिनेगर घालून पट्टे तासभर उकळले. पट्ट्यांनी सगळा रंग पिऊन टाकला. पातेल्यात नुसतं नितळ पाणी उरलं.

पट्टे गळ्यात बांधले, आणि दुसऱ्या दिवसापासून शेरडं चरेनात. माळावरच्या पवनचक्कीखाली माना वर करून उभी राहायची.

वैतागून मी भंगारवाल्याला गाठलं आणि पट्टे कुणाचे ते विचारलं.

"पट्टे खालीच ठेवून गडी वर चढला अन् पडला," तो म्हणाला.

मी शेरडांच्या गळ्यातले पट्टे कापून जाळले. शेरडं चरायला लागली, पण सरपणाला गेलेल्या सासूबाई परतल्या नाहीत. त्या पवनचक्कीखाली मान वर करून उभ्या होत्या. मोळी बांधायला नेलेला काळा पट्टा त्यांच्या हातात होता.

"आत्या, घरी चला!"

"थांब गं. त्येचा पट्टा ऱ्हायलाय, वर न्हेऊन देते."

पवनचक्कीच्या बुंध्याशी वर चढायचं दार उघडं होतं.