फळ्यावरची दुसरी ओळ

काही सांगायचं असलं की काका आधी दोन बोटं वर करायचे. "दोन गोष्टी," म्हणायचे. पहिली गोष्ट ऐकून बरं वाटायचं आणि दुसरी ऐकून डोकं फिरायचं.

असा एक माणूस तुमच्याही इमारतीत असेल. काका आमच्या नायगावच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहायचे, तीही दोन ओळींत. 'उद्या सकाळी पाणी नक्की येईल.' त्याखाली, 'आजच पिंप भरून ठेवावे.'

"अहो काका, नक्की येणार तर पिंप कशाला?"

"येणारच. पण तू भरून ठेव."

मी वैतागून पहिली ओळ तेवढी वाचायची आणि वर यायची. एकदा केसांना शिकेकाई लावून बसले आणि नळ कोरडा ठणठणीत. काकांनी आपल्या पिंपातली भरलेली बादली माझ्या दारात आणून ठेवली. त्याचाही मला रागच आला.

मग मालवणहून आईला आणलं. अर्धांगवायूने तिचा उजवा पाय गेला होता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर चालतील. मी ते वाक्य घट्ट धरून बसले. रोज सकाळ-संध्याकाळ तिचा पाय चोळायचा, उचलायचा, ठेवायचा. एक दिवस काका बघायला आले आणि त्यांची दोन बोटं वर गेली.

"एक, वहिनी चालणार. दोन, तोवर चाकाची खुर्ची आण."

माझं डोकं सणकलं. "काका, एक काय ते बोला! चालणार असेल तर खुर्ची कशाला?"

खुर्ची आणणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटत होतं. चार महिने मी ती आणली नाही. चार महिने आई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून होती.

एका रविवारी बघते तर इमारतीच्या दारातल्या तीन पायऱ्यांच्या कडेला वेल्डर लोखंडी उतार बसवतोय आणि काका शेजारी उभे. मी तरातरा वर आले. काका मागोमाग आले, तेव्हा दारातच त्यांना अडवलं. "कोणासाठी चाललंय हे? माझी आई पायांनी उतरणार आहे!"

काका काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला. "माका खाली जावचा हा गो. आजच."

काकांनी कुठून तरी खुर्ची मागून आणली. आई लिफ्टने खाली आली, उतारावरून बाहेर पडली. फाटकाशी जवळच्या गिरीज गावची केळीवाली बसते. आईने तिच्याशी अर्धा तास भाव केला. किती महिन्यांनी तिचा चढलेला आवाज ऐकला! मी मागे उभी राहून रडले. काकांना मात्र थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

या वर्षी काका ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेले. जाताना फळ्यावर लिहून गेले, 'मी आठ दिवसांत परत येतो.' मी जाता-येता वाचत होते. नवव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते.

दुसऱ्या दिवशी पालिकेचं पाणी आलं नाही, टाकी रिकामी झाली आणि बोअरचा पंप लावायला शेजारी माझ्या दारात. "ताई, पंपाची किल्ली?"

"माझ्याकडे कुठली?"

"फळ्यावर लिहिलंय की."

मी खाली धावले. दुसरी ओळ होती, 'न आल्यास पंपाची किल्ली २०४मध्ये.' २०४ म्हणजे आमचंच घर.

वर आले तर आईने उशीखालून किल्ली काढून पुढे केली. "जाताना माझ्याकडे दिल्यानी. तू रागावशीत म्हणान सांगूक नाय."

आता फळा मी लिहिते. आई कठडा धरून चार पावलं टाकते, खाली जायला मात्र खुर्चीच लागते. पाण्याच्या ओळी मी फळ्याच्या तळाशी दाटीवाटीने लिहिते, कारण वरची ओळ पुसलेली नाही. लोक म्हणतात, "ताई, पुसा आता ती." पुसते म्हणते आणि वर येते. इतकी वर्षं तुमच्या दुसऱ्या ओळी खऱ्या झाल्या, काका. ही एक पहिली ओळ तेवढी खरी करायची होती.