शंभर ओहमचा दाखला

"तिसरं पॅनेल मेलं," मॅनेजर फोन ठेवत म्हणाले. "तुंगार्लीचा तोच बंगला. केअरटेकर बटणांवर गुद्दे मारतो म्हणे. मालक त्याला काढणार आहेत. तू 'युजर डॅमेज' असा रिपोर्ट दे."

आमच्या परंदवडीच्या युनिटमध्ये गेटचे कीपॅड बनतात. डिझाइन माझं, त्यामुळे हा रिपोर्ट मला सोयीचाच होता. तरी चौथं पॅनेल घेऊन मी मॅनेजरांसोबत गेले.

केअरटेकर नामदेवभाऊ पन्नाशीचे. जानेवारीच्या कोरड्या थंडीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अंगभर केसाळ चायना ब्लँकेट. मला पाहून ताडकन उठले. "मॅडम, मी न्हाई मोडलं. निस्तं बोट लावलं."

पॅनेल बसवलं. भाऊ वीस वेळा खुर्चीतून उठले, लोखंडी गेटला हात लावला, मग बटण दाबलं. पॅनेल ठणठणीत.

"बघा, हळू दाबलं की चालतंय!" बाजूला उभे असलेले मालक म्हणाले.

"भाऊ, आधी गेटला हात का लावता?"

"बटनाला हात लावला की टचकन ठिणगी उडती आन् ते मरतं. म्हनून आदी गेटला देतो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. शेठ म्हनले, गप बस, इंजिनियर येनार हाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्लँकेट आणि प्लॅस्टिक घासून अंगात हजारो व्होल्ट साठतात. बटणामागचा डायोड तो झटका जमिनीकडे वळवतो. पण चिपच्या आतही एक नाजूक संरक्षण असतं. ते आगाऊपणे आधी पुढे होतं आणि जळतं. झटका चिपकडे जाऊ नये म्हणून डायोड आणि चिप यांच्यामध्ये शंभर ओहमचा एक रेझिस्टर लागतो. "डायोड आहे ना, मग रेझिस्टर कशाला?" हे डिझाइनच्या रिव्ह्यूमध्ये ऐटीत मीच म्हणाले होते.

"आता गेटला हात न लावता दाबा."

"हे पन मेलं तर?"

"मेलंच पाहिजे."

टच्! मेलं. बंद पडलेल्या पॅनेलचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात रेझिस्टर घातलेला बोर्ड नेला. भाऊंनी ब्लँकेट घासघासून सकाळभर ठिणग्या पाडल्या. बोर्ड ढिम्म, चालूच.

"आता लिहून द्या मॅडम," भाऊ म्हणाले. "तोंडी नको."

लेटरहेडवर लिहिलं : बिघाड डिझाइनचा होता, केअरटेकरचा दोष नाही. मॅनेजरांनी तोंड वाकडं करून शिक्का मारला. मालकांनी दोनदा वाचलं आणि भाऊंना काढून टाकायचा विषय तिथेच संपला.

तेव्हापासून 'युजर डॅमेज' लिहिण्याआधी मी युजरला विचारते. भाऊंनी तो दाखला लॅमिनेट करून पॅनेलशेजारी लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा बटण दाबण्याआधी माझी चूक वाचतो, खाली माझी सही असते.