कसंबाईंचा वर्ग

मुलाचं उत्तर बरोबर आलं की जाधवबाईंना त्यात फारसा रस नसायचा. मान हलवून त्या पुढच्या बाकाकडे जात. उत्तर चुकलं की मात्र थांबत, मुलाला जरा सरकायला सांगून त्याच्या शेजारी बसत आणि विचारत, "हे कसं आलं, सांग बघू." आवाजात राग नसे. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं विचारत. चुकलेलं खोडरबराने पुसायला त्यांच्या वर्गात बंदी होती. मुलांनी त्यांचं नाव कसंबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "बरं आहे की," म्हणायच्या. "माझ्या आधीच्या बाईंना छडीबाई म्हणायचे."

परळच्या आमच्या शाळेत मी लागलो तेव्हा पंचविशीत होतो. लालबागहून चालत यायचो. माझ्याकडे पाचवी, बाईंकडे सातवी. शाळा मराठी माध्यमाची. एके काळी प्रार्थनेनंतर जिन्यावर दोन रांगा लावाव्या लागत म्हणे. मी आलो तेव्हा एकच रांग होती आणि तीही पहिल्या मजल्यापर्यंत पुरत नव्हती.

पहिल्याच महिन्यात मी स्टाफरूममध्ये वजाबाकीच्या वह्या तपासत होतो. बावन्न वजा अडतीस, उत्तर सव्वीस. नऊ जणांचं सव्वीस. मी फुल्या मारत होतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होतो, की या मुलांना चौथीपर्यंत कुणी काही शिकवलेलंच नाही. शेजारी डबा खात बसलेल्या बाईंनी एक वही ओढून घेतली. "नऊ जण एकच चूक करतात म्हणजे कुणीतरी ती शिकवली असणार, राणे," त्या म्हणाल्या. मधल्या सुट्टीनंतर त्या माझ्या वर्गात आल्या आणि एका मुलीजवळ बसल्या. मुलगी म्हणाली, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. सरांनीच सांगितलंय, मोठ्यातून लहान वजा करायचं." बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर पडताना फक्त हळूच म्हणाल्या, "तुमचं ऐकतात हो मुलं. चांगलं आहे."

बाई दमलेल्या असत. हे सांगायला हवं, कारण चांगल्या शिक्षकाबद्दल लिहिणारे लोक त्याला नेहमी उत्साही दाखवतात. त्या परळच्याच चाळीत वाढल्या, तिथेच राहत. घरी अंथरुणाला खिळलेली आई. सकाळी तिचं सगळं आवरून त्या शाळेत यायच्या आणि कधी कधी फळ्यापाशी उभ्या राहून वर्गाला सरळ सांगायच्या, "आज मी दमलेय. आवाज मोठा निघणार नाही. तुम्हीच कान द्या." वर्ग शांत व्हायचा. मी एकदा म्हटलं, मुलांना असं सांगितलं तर ती डोक्यावर बसतील. "लपवलं तर बसतात," बाई म्हणाल्या. "सांगितलं तर सांभाळून घेतात. घरी सगळ्यांच्या कुणी ना कुणी दमलेलं असतंच."

त्यात मतदार याद्यांचं काम आलं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पिशव्या घेऊन चाळींचे आणि नव्या टॉवरांचे जिने चढायचो. टॉवरमध्ये वॉचमन खालीच बसवून ठेवायचा. चाळीत बसायला मोडा मिळायचा आणि मतदाराबरोबर घरातली पोरंही सापडायची. बाई यादीवर सही घेता घेता आत डोकवायच्या. "काय गं, परवापासून का नाही आलीस?" अशा चार मुली त्यांनी त्या कामात शोधून परत आणल्या. मला मात्र त्या कामातले फक्त दुखणारे गुडघे आठवतात.

मग प्राचीचं वर्ष आलं. प्राची पाचवीत माझ्याकडे होती. उभी राहून धडा घडाघडा वाचायची. वाचनाला मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. सातवीत बाईंनी तिला वाचायला सांगितलं. ती ओळींवरून बोट फिरवत सुरेख वाचत गेली. बाई जवळ गेल्या. पुस्तक दुसऱ्याच धड्यावर उघडलेलं होतं.

बाईंनी वर्गात चकार शब्द काढला नाही. सुट्टीत तिला प्रयोगशाळेत नेलं आणि विचारलं, "कसं करतेस गं?" प्राची आधी रडली, मग तिने सांगितलं. शेजारची वाचते ते ती ऐकायची, दोनदा ऐकलं की पाठ व्हायचं. पेपरात पुढच्या मुलीचं बघून अक्षरं चित्रासारखी काढायची. त्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हे सगळं मला सांगितलं. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी ती होती, हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात वाचनपातळीचे फॉर्म आले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'येते' किंवा 'येत नाही' एवढंच भरायचं. तपासणी तोंडावर होती आणि सगळीकडे 'येते' दिसावं, असं मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. शाळेचा शेरा बिघडला की आणखी पालक मुलं काढून नेतील, याची त्यांना धास्ती होती. बाईंनी प्राचीच्या नावापुढे 'येत नाही' लिहिलं. फॉर्म द्यायला मी त्यांच्याबरोबरच गेलो होतो.

"एका मुलीसाठी सगळ्या शाळेला खाली बघायला लावता, बाई?" मुख्याध्यापक म्हणाले.

"'येते' लिहिलं तर पुढच्या वर्षी तिला कुणी शिकवणार नाही, सर," बाई म्हणाल्या. "'येत नाही' लिहिलं तर निदान कुणीतरी विचारेल."

माझ्या वर्गात त्या वर्षी तिघांना वाचता येत नव्हतं. मी तिघांपुढे 'येते' लिहून फॉर्म टेबलावर ठेवला. बाईंनी तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही.

बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. त्याहून कठीण गेलं ते प्राचीच्या आईचं बोलणं. ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ड्युटी सोडून तशीच वर्गाच्या दारात आली. "सगळ्या टीचरनी पास केली. तुम्हालाच बरी ती ढ दिसली? पोरीचं नाव खराब केलंत तुम्ही. तिच्या पप्पांना मी काय सांगू?"

"ढ असती तर सात वर्षं इतक्या मोठ्या माणसांना तिने फसवलं नसतं," बाई म्हणाल्या. "हुशार आहे तुमची मुलगी. तिला वाचता येत नाही, एवढंच. रोज सुट्टीत तिला माझ्याकडे राहू द्या." आई निघून गेली. पुन्हा शाळेत आली नाही. पण प्राचीला तिने अडवलंही नाही.

प्रयोगशाळेत दोघी डबा खायच्या आणि मग वाचायच्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दिवाळीपर्यंत काना-मात्रा, मग जोडाक्षरांशी झटापट. कधी प्राची पुस्तक मिटून टाकायची, कधी बाईंचाच टेबलावर टेकल्या टेकल्या डोळा लागायचा. एप्रिलमध्ये बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं, 'दुसरीचे पुस्तक अडखळत वाचते.' सातवीच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर एवढं खरं वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

जूनमध्ये सहावी ते आठवीची पटसंख्या नियमाच्या खाली गेली आणि ते वर्ग बंद झाले. मुलं लालबागच्या एका शाळेत गेली. बाई सरकारी भाषेत 'अतिरिक्त' ठरल्या आणि नोकरीचं शेवटचं दीड वर्ष त्यांना मानखुर्दला पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही, कारण त्या निवृत्त होत नव्हत्या. त्यांनी कपाट रिकामं केलं. मुलांच्या चुका आणि त्या कशा झाल्या, हे लिहिलेल्या त्यांच्या पाच-सहा वह्या होत्या. मी त्या मागितल्या. "काय करायच्यात?" त्या म्हणाल्या. "तुमची मुलं वेगळं चुकतील." वह्या त्यांनी रद्दीत टाकल्या आणि प्राचीच्या नव्या वर्गशिक्षिकेसाठी लिहिलेली चार पानं पाकिटात घालून लालबागला स्वतः नेऊन दिली.

त्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना अधूनमधून फोन करायचो. नवं ॲप आलं, नवा अहवाल आला, असं गाऱ्हाणं सुरू केलं की त्या थांबवायच्या. "राणे, शाळेतलं काही सांगू नका. आई गेल्यापासून मी दुपारची झोपते. फार वर्षांची झोप राहिलीय." मग फोन कमी झाले. या वर्षी त्या गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं.

चाळीच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मानखुर्दची मुलं आली होती. आमच्या शाळेतून मी एकटाच. कार्यक्रम संपून लोक उठायला लागले तेव्हा पांढऱ्या साडीतली एक बाई माझ्याजवळ आली. प्राचीची आई. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं.

"दहावी झाली तिची, दुसऱ्या खेपेला," ती म्हणाली. "आता बारावीला आहे. घरात काही कागद आला की तीच वाचते. बाईंना एकदा भेटून सांगायचं होतं. तेव्हा मी नको ते बोलले होते. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले."

मी मान हलवली. समोरच्या फोटोला हात जोडून ती माझ्याकडे वळली.

"पाचवीला तुम्हीच होतात ना, सर?"

"हो."

"तुम्हाला नाही कळलं तेव्हा?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी तिला काही विचारलंच नाही," मी म्हणालो.

तिने ते ऐकून घेतलं. मग दाराशी पडलेल्या ढिगात आपल्या चपला शोधायला लागली. मीही माझ्या शोधू लागलो.